बाळंतिणीचे सहा आठवडे

बाळंतिणीने किती दिवस विसावा घ्यावा, असे आजीला विचारले तर ती म्हणते, सव्वा महिना. डॉक्टर म्हणतात, सहा आठवडे. कायद्याचे पुस्तक उघडले तर त्यातही सहा आठवडेच लिहिलेले आहेत. आजी, डॉक्टर आणि कायदा यांचे एकमत व्हावे असे विषय फार थोडे. तरीही आपल्या वसई-विरार भागात कितीतरी भगिनींना हे सहा आठवडे मिळत नाहीत. ते का हवेत आणि कसे द्यावेत, एवढेच आज सांगावयाचे आहे. मी डॉक्टर नाही. कामगार संघटनेत आयुष्य गेलेला माणूस आहे. जे वाचून आणि जाणत्यांना विचारून समजले, तेच मांडतो.

प्रसूती झाल्याबरोबर गर्भाशयाचे वजन सुमारे १ किलो असते आणि त्याचा वरचा काठ बेंबीच्या आसपास हाताला लागतो. ते रोज आकसत जाते, १० ते १४ दिवसांत ओटीपोटात उतरते आणि सहा आठवड्यांच्या अखेरीस १०० ग्रॅमच्या आत येते. वार जेथे चिकटलेली होती तेथे आत एक मोठी जखम असते. हातावर एवढी जखम असती तर आपण त्या बाईला भांडे उचलू दिले नसते. ही दिसत नाही, म्हणून तिला हंडा उचलावयास सांगतो. जखम भरते तसा अंगावरून जाणारा स्राव लालचा तपकिरी, मग पांढरट होतो. ओसरलेला लाल स्राव कामाला लागताच पुन्हा वाढला, तर श्रम झेपत नाहीत असे समजावे आणि डॉक्टरांना विचारावे.

मात्र विसावा म्हणजे खाटेला खिळणे नव्हे. दिवसभर पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका वाढतो. म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे लवकर उठावे, घरातल्या घरात फिरावे. लघवी रोखताना जे स्नायू आवळतात ते दिवसातून काही वेळा आवळून सोडावेत. कमरेखालचा आधार त्याने बळकट होतो. टाळावयाचे ते ओझे आणि जागरण. पोट चिरून प्रसूती झाली असेल तर बाळापेक्षा जड काही उचलू नये.

आपल्या चालीरीतींत घेण्याजोगे पुष्कळ आहे. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मेथी, बाजरीची भाकरी हे उत्तमच. त्याला डाळ, पालेभाजी, अंडी आणि आपल्या किनाऱ्याची ताजी मासळी यांची जोड द्यावी. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या प्रसूतीनंतर १८० दिवस घ्यावयाच्या असतात. पंधरा दिवसांत बरे वाटले म्हणून सोडू नयेत. परंतु बाळंतिणीला पाणी तोडणे, बंद खोलीत शेगडी पेटवून धुरी देणे, पोट श्वास कोंडेल इतके आवळणे या गोष्टी सोडून द्याव्यात. अंगावर पाजणाऱ्या आईला पाणी अधिकच लागते आणि कोंडलेला धूर माय-लेकरू दोघांनाही बाधतो.

काही खुणा घरातल्या प्रत्येकाने, विशेषतः नवऱ्याने, पाठ कराव्यात. तासाभरात घडी पूर्ण भिजेल इतका रक्तस्राव, ताप, दुर्गंधी येणारा स्राव, जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा आकडी, एकाच पोटरीला सूज व ठणका, धाप, छातीत दुखणे. यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. १०८ ला दूरध्वनी करावा. रक्तदाब प्रसूतीनंतरही वाढू शकतो, हे अनेकांना माहीत नसते. आणि सतत रडू येणे, बाळ नकोसे वाटणे, जीव द्यावासा वाटणे हा नखरा नव्हे, आजार आहे; त्याला औषधोपचार आहे.

आता कायद्याकडे वळू. १९२८ साली मुंबईच्या कायदेकौन्सिलात प्रसूती-भत्त्याचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. मातेच्या विश्रांतीत देशाचे हित आहे आणि हा भार बव्हंशी सरकारने उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली तो कायदा झाला. १९६१ साली देशभरासाठी कायदा आला. त्याने प्रसूतीनंतर सहा आठवडे स्त्रीला कामावर लावण्यास मनाई केली. २०१७ साली पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत या तरतुदी कायम राहिल्या.

पण दहापेक्षा कमी माणसांचा गाळा बहुधा या जाळ्यातून निसटतो. घरी बसून नगावर काम करणारी, टोपली घेऊन बाजारात बसणारी कोळीण, वाडीत भाजी खुडणारी मजूर यांना तर रजा देणारा मालकच नाही. अशाच एका लहान गाळ्यातील भगिनी बाविसाव्या दिवशी कामावर परतली. दिवसभर उभे राहून पाकिटे भरावयाची. चौथ्या दिवशी रक्तस्राव वाढून तिला दवाखान्यात न्यावे लागले. ती वाचली. “रजा मागितली असती तर जागा गेली असती,” असे ती म्हणाली. माझ्यापाशी तेव्हा उत्तर नव्हते.

कायदा तिच्यापर्यंत पोहोचवणे हे आम्हा संघटनेवाल्यांचे काम आहे, आणि ते अपुरे आहे. पण तोवर शेजार तर आपल्या हाती आहे. दवाखान्यात प्रसूती झाल्यावर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्या आल्या की बाळाइतकीच आईचीही चौकशी करावयास सांगा. चाळीतल्या चार घरांनी वार वाटून घेऊन बाळंतिणीचे पाणी भरावे, एका वेळचे जेवण द्यावे. नवऱ्याने रात्रीचे एक जागरण आपल्याकडे घ्यावे. बेचाळीस दिवसांचाच प्रश्न आहे, आणि तेवढे दिवस चार घरांना जड नाहीत.