कपाशीवरील कीटक आणि इंटरनेटवरील साधने

परिसर अभ्यास व सामान्य विज्ञान या विषयांसाठी आज इंटरनेटवर पुष्कळ साधने विनामूल्य उपलब्ध आहेत. ती कोणत्या क्रमाने वापरावीत, याचा विचार बोरी अरब परिसरातील शाळांना सहज साधणारे एक उदाहरण घेऊन करू. ते उदाहरण कपाशीवरील कीटकांचे आहे.

ढालकिडा मावा खातो, हे पुष्कळ विद्यार्थी सांगतात. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला प्रौढ किडा त्यांनी चित्रात पाहिलेला असतो. परंतु त्याची अळी लांबट, काळसर व बहुधा नारिंगी खुणा असलेली असते. ती प्रौढासारखी मुळीच दिसत नाही. ही अळीही मावा खाते, तरी अनोळखी रूपामुळे तीच पिकाची शत्रू ठरण्याचा संभव असतो. पाठ म्हणता येणे आणि कीटक ओळखता येणे, यांतील अंतर ते हेच.

म्हणून प्रथम प्रत्यक्ष निरीक्षण करवावे. शाळेच्या आवारात कपाशीची चार झाडे लावावीत आणि त्यांवर कोणतेही कीटकनाशक फवारू नये. फवारणी झालेल्या शेतात मुलांना नेऊ नये. दर आठवड्यास दिसलेल्या कीटकाचे चित्र, पायांची संख्या, तो पानावर, फुलात की बोंडात आढळला, आणि दिनांक, एवढी नोंद वहीत करवावी. पाकळ्या न उमललेले, गुलाबाच्या कळीसारखे फूल दिसल्यास ती डोमकळी होय; तीत गुलाबी बोंडअळी असू शकते. ही अळी आरंभी पांढुरकी असते व वाढल्यावर गुलाबी होते.

नोंद झाल्यावर साधनांकडे वळावे. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडद्वारे ‘दीक्षा’वरील पाठ्यघटक पाहता येतात, संपर्क चांगला असेल तेथे ते आधी उतरवून ठेवावेत. ‘आयनॅचरलिस्ट’वर छायाचित्र दिल्यास यंत्र संभाव्य नावे सुचविते व इतर जाणकार त्यांची पडताळणी करतात. खाते शिक्षकाचेच असावे आणि मुलांची छायाचित्रे त्यावर देऊ नयेत. यंत्राने सुचविलेले नाव अंतिम मानू नये. ते वहीतील लक्षणांशी जुळते काय, हे मुलांनीच ताडून पाहावे.

माहिती केव्हाची आहे, हेही पाहावयास शिकवावे. मराठी विश्वकोशातील कापसाची नोंद वनस्पतीची रचना समजण्यास उपयुक्त आहे. परंतु ती भारतात 2002 साली बीटी कपाशीस मान्यता मिळण्यापूर्वी लिहिली गेली. पीकसंरक्षणाच्या चालू सल्ल्यासाठी नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे संकेतस्थळ पाहावे.

या अभ्यासाचा संबंध केवळ परीक्षेतील गुणांशी नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. आपल्या वर्गातील अनेक मुलांचे पालक हेच काम करतात. म्हणून कीटकांच्या पाठाबरोबरच कीटकनाशकाच्या वेष्टनावरील खुणेचे चित्र पडद्यावर दाखवावे. या खुणेच्या खालच्या त्रिकोणात लाल रंग अत्यंत विषारी, पिवळा तीव्र विषारी, निळा मध्यम विषारी व हिरवा किंचित विषारी असे दर्शवितो. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, हे स्पष्ट सांगावे. प्रत्यक्ष डबे वा बाटल्या, रिकाम्या असल्या तरी, वर्गात आणू नयेत व मुलांना हाताळू देऊ नयेत.

कोणते औषध फवारावे, हे सांगणे शिक्षकाचे काम नव्हे. तो प्रश्न सहायक कृषी अधिकाऱ्याकडे न्यावा. दिसणारी प्रत्येक अळी शत्रू नसते आणि फवारणीपूर्वी ओळख पटविणे आवश्यक असते, एवढे जरी मुलाने घरी समजावून सांगितले, तरी या पाठाचा हेतू साध्य होईल.