पॉवर वाढवा, पण आधी ताप उतरवा!

कल्पना करा, १९६० च्या दशकातलं कॅलिफोर्निया. पाव मैलाच्या ड्रॅग स्ट्रिपवर एक दांडगी अमेरिकन गाडी उभी आहे आणि तिच्या शेजारी गोलमटोल फोक्सवॅगन बीटल. पैज कुणावर लावाल? थांबा, घाई करू नका. रिव्हरसाइडच्या ‘एम्पी’ या कंपनीने ‘इंच पिंचर’ नावाची बीटल अशीच रेसिंगसाठी तयार केली होती आणि तिने भल्याभल्यांना घाम फोडला होता. तेव्हापासून जगभरातली पोरं या गाडीच्या इंजिनातून जास्तीची पॉवर काढण्याच्या नादाला लागली आहेत. काहींना ती मिळते. बाकीच्यांचं इंजिन जळतं. असं का होतं, तेच आज बघूया.

आधी इंजिन समजून घ्या

बीटलचं इंजिन मागे असतं. चार सिलिंडर, दोन एका बाजूला आणि दोन दुसऱ्या बाजूला, आडवे झोपलेले. रेडिएटर नाही, कूलंट नाही. घरातली जुनी बजाज चेतक आठवतेय? तिच्या इंजिनावर पत्र्याचं कव्हर असायचं आणि आत पंखा वारा फेकायचा. इथेही तसंच, फक्त पंखा पट्ट्यावर फिरतो. थंड करण्याचं उरलेलं काम ऑइल करतं आणि तेही जेमतेम अडीच लिटर!

युद्धानंतरच्या बीटलमध्ये ११३१ सीसीचं इंजिन २५ हॉर्सपॉवर द्यायचं. पुढे १५८४ सीसीचं इंजिन आलं, ते ५० पर्यंत पोचलं. आजच्या हॅचबॅकसमोर हे काहीच नाही. म्हणून तर मोह होतो.

पॉवर येते कुठून?

सोपं गणित आहे. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त पॉवर. पहिला मार्ग म्हणजे सिलिंडर रुंद करणं. १५८४ सीसीच्या इंजिनात बोअर ८५.५ मिलिमीटर आणि स्ट्रोक ६९ असतो. क्रँक तोच ठेवून ९०.५ चे पिस्टन-सिलिंडर बसवले, की इंजिन होतं १७७६ सीसीचं. पाच मिलिमीटरमध्ये बारा टक्के वाढ! त्यासाठी क्रँककेस आणि हेड मशीनवर कापून मोठे करावे लागतात. कापाकापी टाळून ८७ मिलिमीटरचे सिलिंडरही बसवता येतात, पण त्यांची भिंत पातळ असते. गरम झाली की आकार सोडते.

दुसरा मार्ग म्हणजे श्वास मोकळा करणं. मूळ गाडीत मध्यभागी एकच कार्बोरेटर असतो आणि तिथून लांबलचक पाइप दोन्ही बाजूंना जातात. त्याऐवजी प्रत्येक बाजूला एक कार्बोरेटर दिला, की मिश्रण थेट हेडमध्ये शिरतं. जोडीला व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा कॅमशाफ्ट टाकतात. पण त्यात अति केलं, तर पॉवर फक्त वरच्या आरपीएमला मिळते. ट्रॅफिकमध्ये गाडी रडत चालते.

खरा डोक्याला ताप

आता मुद्द्याचं. पेट्रोल जास्त जाळलं की उष्णताही जास्त, पण पंखा तोच, वारा तेवढाच! इथेच बहुतेकांची चूक होते. सगळे पैसे चकचकीत कार्बोरेटरवर जातात आणि कूलिंगसाठी काही उरत नाही.

तीन नंबरच्या सिलिंडरचीच गोष्ट बघा. जुन्या बीटलमध्ये ऑइल कूलर पंख्याच्या कव्हरच्या आतच, वाऱ्याच्या वाटेत उभा असायचा. त्यामागच्या तीन नंबरला उरलासुरला, तापलेला वारा मिळायचा. स्टॉक इंजिनातही हा सिलिंडर बदनाम होता. १९७१ च्या मॉडेलपासून कंपनीने कूलर बाजूला सरकवून त्याला वेगळी वाट दिली. खुद्द कंपनीला जे निस्तरावं लागलं, ते तुम्ही पॉवर वाढवताना विसरून कसं चालेल?

त्यामुळे क्रम असा ठेवा:

• इंजिनाभोवतीचे पत्रे आणि रबरी सील जागेवर हवेत. इंजिन ‘भारी’ दिसावं म्हणून ते काढले, की खालची गरम हवा परत पंख्यात शिरते.

• मूळ इंजिनात ऑइल फिल्टर नाही, नुसती जाळी आहे. फिल्टर बसवा. जास्त ऑइल मावेल असा संप आणि वेगळा ऑइल कूलरही जोडा.

• ऑइलचं टेम्परेचर दाखवणारा मीटर लावा. अंदाजावर राहू नका.

• इग्निशन टायमिंग तपासून घ्या. स्पार्क फार आधी पडला तर नॉकिंग होतं आणि पिस्टनला भोक पडू शकतं.

• जनरेटरचा लाल दिवा लागला तर गाडी लगेच थांबवा. पंखा आणि जनरेटर एकाच पट्ट्यावर फिरतात. पट्टा तुटला की चार्जिंग गेलं आणि वाराही गेला.

एवढं झाल्यावर बोअर, कॅम आणि कार्बोरेटरकडे वळा. जुन्या ड्रम ब्रेकचाही विचार करा, कारण पळणारी गाडी थांबायलाही हवी.

आणि हो, आपल्याकडे कुणाच्या क्लासिक गाडीवर हात साफ करण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल, असा बदल मालकाला करता येत नाही. इंजिनाची सीसी आरसीवर लिहिलेली असते.

पुढच्या वेळी एखादा मित्र कॉलर ताठ करून ‘इंजिनातून डबल पॉवर काढलीय’ म्हणाला, तर हॉर्सपॉवर किती ते नंतर विचारा. आधी विचारा, ‘ऑइलचं टेम्परेचर किती जातं रे?’ उत्तर आलं नाही, तर त्याच्या गाडीतून लांबच्या ट्रिपला जाऊ नका!