तंबूत बसलं की हरणाला दिसत नाही?

विस्कॉन्सिन, आयोवा, इलिनॉय या भागात राहणाऱ्या मराठी माणसाच्या कानावर नोव्हेंबर उजाडला की एक विषय हमखास पडतो: हरणाची शिकार. विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीचा मुख्य हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. त्या दिवसांत अर्धं ऑफिस रजेवर असतं. एखादा सहकारी आग्रहाने सोबत नेतो आणि नवख्याला बहुतेक वेळा पॉप-अप ब्लाइंडमध्ये बसवतो. हा ब्लाइंड म्हणजे पाठीवरच्या पिशवीत मावणारा कापडी तंबू. प्रत्येक भिंतीच्या मध्यावरची कडी बाहेर ओढली की आतले दांडे ताणले जातात आणि दोन मिनिटांत चार भिंती आणि छत उभं राहतं. वापरायला तो इतका सोपा आहे की त्याच्याबद्दल भलत्याच अपेक्षा तयार झाल्या आहेत.

त्या अपेक्षांकडे वळण्याआधी मराठी वाचकाच्या मनातली एक शंका दूर करायला हवी. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली, ती योग्यच होती, आणि म्हणून शिकार म्हटलं की हरणं संपणार असं आपल्याला वाटतं. अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाची, म्हणजे व्हाइटटेलची, गोष्ट वेगळी आहे. एकोणिसाव्या शतकात बाजारात मांस आणि कातडी विकण्यासाठी झालेल्या बेसुमार कत्तलीने हे हरीण १९०० च्या सुमारास काही लाखांवर आलं होतं. मग व्यापारी शिकार बंद झाली, हंगाम आणि परवाने ठरले. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवला. आज ही हरणं सुमारे तीन कोटी आहेत. लांडगे आणि प्यूमा बहुतेक भागातून नाहीसे झालेत, आणि हरणांमुळे मक्याचं आणि सोयाबीनचं नुकसान होतं, रस्त्यावर अपघात होतात. म्हणून किती हरणं मारायची हे राज्य ठरवतं आणि त्यानुसार टॅग, म्हणजे हरीण मारायचे परवाने, देतं. आपलं चितळसुद्धा १९३० च्या दशकात टेक्सासात नेऊन सोडलं गेलं. तिथे ते परदेशी प्राणी म्हणून गणलं जातं आणि त्याची शिकार वर्षभर चालते. ताडोबात त्याच चितळाला मारलं तर तुरुंग आहे. दोन्ही कायदे आपापल्या जागी बरोबर आहेत.

आता तंबूकडे वळू. सर्वांत मोठा गैरसमज असा की तंबूत शिरलं की माणूस लपला. खरं तर तंबू फक्त हालचाल लपवतो, आणि तीही आत पुरेसा अंधार असेल तरच. उन्हातून अंधाऱ्या माजघराकडे पाहिलं तर आतला माणूस दिसत नाही, पण मागचं दार उघडं असेल तर त्याची आकृती लख्ख दिसते. तंबूतही तेच होतं. नवखा माणूस सगळीकडचं दिसावं म्हणून चारही खिडक्या उघडतो. मग मागच्या उजेडावर त्याचं डोकं आणि खांदे स्पष्ट उमटतात, आणि तो बंदूक उचलतो तेव्हा हरणाला ते चाळीस पावलांवरून कळतं. ज्या बाजूने हरीण येणार त्या बाजूच्या एकदोन खिडक्या, त्याही गरजेपुरत्याच, उघडाव्यात. पाठीमागची कधीच उघडू नये. तंबूचं कापड आतून काळं असतं, म्हणून बसणाऱ्याचे कपडे आणि हातमोजेही काळे असावेत. बाहेर पानापानांच्या छापाचा महागडा कोट छान दिसतो, पण काळ्या भिंतीसमोर तोच उठून दिसतो. चेहरा आणि हात हे अंधारात सर्वांत आधी चमकतात. ते झाकले नाहीत तर बाकीच्या खबरदारीचा फारसा उपयोग होत नाही.

हरणाच्या डोळ्याविषयीही दोन टोकांच्या समजुती आहेत. काहींना वाटतं त्याला रंग दिसतच नाहीत, तर काहींना वाटतं भगवं जाकीट घातलं की शिकार गेली. जॉर्जिया विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात सहकाऱ्यांबरोबर हरणाच्या डोळ्यांवर मोजमापं घेतली. त्यातून कळलं की माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात, तर हरणाच्या डोळ्यात दोनच. निळा रंग त्याला उत्तम दिसतो, हिरवाही दिसतो, पण लाल आणि नारिंगी त्याला मळकट वाटतात. म्हणून कायद्याने सक्तीचा केलेला झगझगीत नारिंगी रंग माणसाला दुरून दिसतो आणि हरणाच्या लेखी विशेष नसतो. उलट कपडे उजळ करणाऱ्या डिटर्जंटने धुतलेला हिरवा शर्ट धोक्याचा. त्यातली द्रव्यं अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश सोडतात, आणि तो नेमका हरणाच्या नजरेत भरतो. हरणाच्या नजरेला बारीक तपशील फारसे कळत नाहीत. पण डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला मागचा थोडा भाग सोडून जवळजवळ सगळीकडचं एकाच वेळी दिसतं, आणि हललेली गोष्ट सुटत नाही. भगवं घालून निश्चल बसलेला माणूस वाचतो. रानाच्या रंगाचे कपडे घालून नाक खाजवणारा पकडला जातो.

खरी परीक्षा वासाची आहे, आणि इथेच सर्वांत जास्त फसगत होते. बंद कापडामुळे वास आत राहतो, असं दुकानात सांगतात. खिडक्या लावून घेतल्या तर वास थोडा कमी पसरतो हे खरं, पण तंबू काही हवाबंद डबा नाही. शिवण, जमिनीकडची फट आणि उघडी खिडकी यांतून आपला वास वाऱ्याबरोबर जातच राहतो. वास मारणारे फवारे आणि कोळशाचा थर असलेले कपडे थोडीफार मदत करतात, पण वारा चुकला तर त्यांचा काही उपयोग नाही. म्हणून तंबू हरणाच्या वाटेच्या अशा बाजूला हवा की वारा हरणाकडून आपल्याकडे येईल, किंवा निदान आडवा जाईल.

हे ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात नोव्हेंबरमध्ये मध्य-पश्चिम भागात वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून येतो, म्हणजे आपल्याला वाटेच्या पूर्वेला बसून पश्चिमेकडे पाहावं लागतं. संध्याकाळी, म्हणजे हरणं चरायला बाहेर पडण्याच्या वेळी, खाली आलेला सूर्य समोरून थेट खिडकीत घुसतो आणि आतला अंधार नाहीसा होतो. त्यामुळे संध्याकाळची जागा निवडताना समोर उंच झाडांची किंवा टेकडीची सावली पडते का हे आधी जाऊन, त्याच वेळेला, बघावं लागतं. सकाळची जागा संध्याकाळी चालेल असं गृहीत धरू नये. डोंगराळ भागात आणखी एक गोष्ट असते. विस्कॉन्सिनच्या नैऋत्येला खोल दऱ्या आहेत. तिथे ऊन चढलं की हवा उताराने वर जाते, आणि सूर्य कलला की थंड हवा खाली दरीत उतरते. सकाळी दरीच्या तळाशी बसणाऱ्याचा वास वरच्या हरणांकडे जातो आणि संध्याकाळी कड्यावर बसणाऱ्याचा खालच्यांकडे.

अनुभवी शिकारी खिशात मिल्कवीडच्या म्हाताऱ्या ठेवतात. आपल्या रुईच्याच कुळातली ही वनस्पती, बियांना तसाच रेशमी पिसारा. एक म्हातारी खिडकीतून सोडली आणि ती जाते कुठे ते पाहत राहिलं की कधी वीस पावलांवर ती वळून उलटी येताना दिसते. वारा पाहायला काहीजण वापरतात त्या पुडीतल्या पावडरीने एवढ्या लांबचं कळत नाही.

'आज उभा केला, आज शिकार झाली' असंही होतं, पण त्याच्या भरवशावर राहू नये. हरणाला आपल्या परिसरातलं खोड अन् खोड माहीत असतं. पहाटे अचानक उभा राहिलेला ठोकळा त्याला खटकतो. म्हातारी मादी थबकते, डोकं खाली घालून चरायला लागल्यासारखं करते आणि झटक्यात वर करून पाहते. एक पुढचा पाय जमिनीवर आपटते. मग मान खालीवर करत वेगळ्या कोनातून न्याहाळते. एवढं झाल्यावर ती जोरात फुरफुरते आणि शेपटीचा पांढरा झेंडा उभारून निघून जाते. तिच्या मागे सगळा कळप जातो, आणि ती वाट काही दिवस सुनी पडते. खासगी शेतावर बसणार असाल तर तंबू हंगामाच्या दोनतीन आठवडे आधी लावावा. नव्या कापडाचा उग्र वास त्याआधी अंगणात उन्हापावसात जाऊ द्यावा. झाडीच्या कडेला, मागे दाट झुडूप असलेल्या जागी तो बसवावा आणि त्याच झाडीतल्या फांद्या कापडावरच्या पट्ट्यांत खोवाव्यात. त्यातही छताची सरळ रेषा मोडणं सर्वांत महत्त्वाचं, कारण रानात तशी रेषा कुठे नसते. उघड्या शेतात मात्र उलट अनुभव येतो. तिथे गवताचे मोठे भारे आणि यंत्रं पडलेलीच असतात, त्यामुळे आठवडाभर उभा असलेला तंबू हरणं सहज स्वीकारतात. सार्वजनिक जमिनीवर तंबू रात्रभर ठेवायची मुभा बऱ्याच ठिकाणी नसते, तिथे आदल्या दिवशी नियम वाचावेत.

आवाजाबद्दल थोडक्यात. तंबूतली जमीन मातीपर्यंत झाडून घ्या, कारण बुटाखाली चुरडलेलं एक कोरडं पान पुरेसं असतं. खुर्ची कुरकुरते का ते घरीच बघा. खिडकी चेनची असेल तर हरीण येण्याआधी ती हवी तेवढी उघडून ठेवा. दोऱ्या आणि खुंट्या न वापरता उभा केलेला तंबू वाऱ्यात फडफडतो, आणि जोराचा वारा असेल तर उडूनही जातो.

इतक्या जवळून नेम चुकणारच नाही, ही समजूत जखमी हरणांना भोवते, म्हणून तिच्यावर मी जरा जोर देतो. रायफलवरची दुर्बीण नळीच्या सुमारे चार सेंटिमीटर वर असते. दुर्बिणीतून हरीण स्वच्छ दिसतं, पण नळीचं तोंड खिडकीच्या खालच्या काठाच्या मागे, कापडावर रोखलेलं असू शकतं. धनुष्यातही बाण नजरेच्या रेषेखालून सुटतो. बसून ताणताना धनुष्याचं वरचं टोक छताला लागतं. आत अंधार असल्याने नेमाचे ठिपके मंद दिसतात. काही तंबूंच्या खिडक्यांना जाळी असते आणि तिच्यातून बाण मारता येतो, पण स्थिर पात्याचाच. उघडणारी पाती जाळीला लागताच उघडू शकतात आणि बाण भरकटतो. हे सगळं हंगामाआधी, त्याच तंबूत, त्याच खुर्चीवर बसून तपासायला हवं. धनुष्यवाल्यांनी बहुतेक वेळा वीस यार्डांच्या, म्हणजे सुमारे अठरा मीटरच्या आतच थांबावं. हरीण आडवं किंवा किंचित पाठमोरं उभं असावं आणि नेम पुढच्या पायामागे, हृदय आणि फुप्फुसांवर असावा. समोरून येणाऱ्या हरणावर बाण सोडू नये. ते कितीही जवळ असलं तरी.

जमिनीवर बसणं झाडावरच्या मचाणापेक्षा सुरक्षित, हे अर्धं खरं. अमेरिकेत मचाणावरून पडून दर वर्षी शिकारी जखमी होतात, तो धोका इथे नाही. म्हणूनच मुलं, वयस्कर माणसं आणि चाकाच्या खुर्चीवरचे शिकारी यांना तंबू सोयीचा पडतो. पण भगवं जाकीट घातलेला माणूस तंबूत शिरला की तो इतर बंदूकवाल्यांनाही दिसेनासा होतो. म्हणून काही राज्यांत तंबूवरच नारिंगी कापड लावण्याची सक्ती आहे. विस्कॉन्सिनमध्ये सरकारी जमिनीवर, बंदुकीच्या हंगामात, सर्व बाजूंनी दिसेल असं किमान १४४ चौरस इंच, इलिनॉयमध्ये ४००. खासगी शेतावर सक्ती नसली तरी ते लावावं, हरणाला त्याने फरक पडत नाही. आणखी दोन धोके कापडाच्या आतच असतात. बंद तंबूत गॅसचा हीटर लावला तर कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि बंदुकीचा बार आत झाला तर कानठळ्या बसून कायमची इजा होऊ शकते. कानांना संरक्षण हवंच.

गोळी किंवा बाण लागल्यावर लगेच बाहेर धावू नये. जमिनीवरून नजर फार लांब पोचत नाही आणि हरीण दोन उड्यांत झाडीत शिरतं. ते नेमकं कुठे उभं होतं आणि कोणत्या झाडाजवळ शेवटचं दिसलं, हे खिडकीतूनच पक्कं लक्षात ठेवावं आणि निदान अर्धा तास थांबावं. वार पोटात बसल्याची शंका असेल तर कित्येक तास थांबावं लागतं. घाई केली की जखमी जनावर उठून मैलभर जातं आणि बऱ्याचदा सापडत नाही. सापडल्यावर विस्कॉन्सिनमध्ये दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत नोंदणी करायची असते. आणि ज्या भागात सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग पसरला आहे तिथे मांस वाटण्याआधी तपासणीसाठी नमुना द्यावा. हा रोग विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली आढळला. माणसाला तो झाल्याचं अजून सिद्ध झालेलं नाही, तरी बाधित हरणाचं मांस खाऊ नये असा अमेरिकी आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे. अहवाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये वेगळं, खूण करून ठेवायचं.