पाहुण्यांसाठी आवरलेलं शहर

१९३६ च्या उन्हाळ्यात अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिनला गेलं. ऑलिंपिकच्या निमित्ताने तिथे जमलेल्या जगासमोर या पथकाने कबड्डी, मल्लखांब अशा आपल्या खेळांची प्रात्यक्षिकं केली. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेला आखाडा बावीस वर्षांत युरोपात पोचला, याचा वऱ्हाडाला अभिमान वाटतो आणि तो रास्तच आहे. मात्र ही हकिकत आपण नेहमी एकाच अंगाने सांगतो: बर्लिनने अमरावतीचं काय पाहिलं. अमरावतीची मंडळीही एका परक्या शहरात पाहुणी होती, आणि त्या शहराने पाहुण्यांपुढे काय मांडलं व काय नजरेआड ठेवलं, हा अर्धा भाग सांगायचा राहून जातो. आज तो मुद्दाम सांगण्याचं कारण असं की महाविद्यालयांच्या अभ्याससहली आता परदेशी निघू लागल्या आहेत. अशा सहलीत एका शहराच्या वाट्याला बहुधा एकच दिवस येतो आणि त्या एका दिवसात दहा-बारा ठिकाणं कोंबलेली असतात. माझं म्हणणं असं की चार ठिकाणं पुरेत, पण ती अशी निवडावीत की शहर आपल्याला काय दाखवतंय आणि ते तसंच का दाखवतंय, हे मुलांना स्वतः ओळखता यावं. त्यासाठी बर्लिनइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं दिसत नाही, आणि अमरावतीचा त्या शहराशी जुना संबंध आहे.

आधी त्या उन्हाळ्याबद्दल. १ ते १६ ऑगस्टपर्यंत स्पर्धा चालल्या, ४९ देश आले. हिटलरची सत्ता येऊन साडेतीन वर्षं झाली होती, ज्यूंचे नागरिकत्वाचे हक्क आदल्याच वर्षी कायद्याने काढून घेतले होते. पण पाहुणे यायच्या आधी ‘ज्यूंना मज्जाव’ अशा अर्थाच्या पाट्या रस्त्यांवरून उतरवल्या गेल्या आणि ज्यूद्वेष पसरवणारं वृत्तपत्र चौकाचौकांत ज्या काचेच्या पेट्यांत लावलेलं असे, त्या पेट्याही हलवल्या गेल्या. १६ जुलैला पोलिसांनी शहरातल्या रोमा कुटुंबांना धरून मार्झान इथल्या मोकळ्या जागेवर नेऊन टाकलं. त्याच महिन्यात शहराच्या उत्तरेला, ओरानियनबुर्गजवळ, साक्सेनहाउझेनच्या छळछावणीचं बांधकाम सुरू झालं. पाहुण्याला दिसलं ते झेंड्यांनी सजलेलं, स्वच्छ, शिस्तीचं शहर. लाखभर माणसं बसतील असं भव्य स्टेडियम होतं, ग्रीसमधून धावत आणलेली ज्योत होती. ज्योत धावत नेण्याची ही प्रथा त्याच वर्षी, कार्ल डीम यांच्या योजनेतून सुरू झाली. कलेचंही तसंच झालं. राष्ट्रीय चित्रसंग्रहालयाचा आधुनिक कलेचा विभाग क्रोनप्रिन्झेनपॅलेसमध्ये स्पर्धांच्या काळात उघडा ठेवला होता. पाहुणे परतले आणि ३० ऑक्टोबरला तो बंद झाला. पुढच्या वर्षी तशीच चित्रं म्युनिकमध्ये ‘भ्रष्ट कला’ म्हणून टवाळीसाठी टांगली गेली. म्हणजे ऑगस्टमध्ये संग्रहालय पाहून ‘इथे कलेला मोकळीक आहे’ असं कोणी घरी लिहिलं असतं, तर पत्रातला शब्द न् शब्द डोळ्यांनी पाहिलेला असता आणि तरीही पत्र खोटं ठरलं असतं.

यावर पहिला आक्षेप येईल तो अमरावतीतूनच: आपल्या मंडळींच्या कर्तृत्वाला हे गालबोट नाही का? मला तसं वाटत नाही. परसत्तेखालच्या देशातल्या एका जिल्ह्याच्या गावाने आपली व्यायामपरंपरा जगापुढे ठेवली, हे यजमानाच्या हेतूने लहान होत नाही. याच मंडळाच्या आखाड्यात राजगुरूंसारख्या क्रांतिकारकाने व्यायामाचे धडे घेतले होते. त्याच ऑलिंपिकमध्ये ध्यानचंदांचा हॉकी संघ अधिकृतपणे ब्रिटिश हिंदुस्थानच्या झेंड्याखाली खेळला, पण अंतिम सामन्याआधी त्याने कपडे बदलण्याच्या खोलीत तिरंग्याला वंदन केलं आणि मग १५ ऑगस्टला जर्मनीला ८-१ असं हरवलं. वरून एक दिसतं आणि आत वेगळंच असू शकतं, हे पाहुण्यांच्या बाबतीतही तितकंच खरं होतं. गुंतागुंत मुलांना सांगितली तर अभिमान कमी होत नाही, तो जाणता होतो.

आता आजचा दिवस कसा आखावा ते पाहू. सकाळ स्टेडियमला द्यावी. १९३६ चं ते दगडी स्टेडियम आजही वापरात आहे. त्याच्या बाहेर एक प्रचंड घंटा ठेवलेली आहे. जगातल्या तरुणांना मी बोलावते आहे, अशा अर्थाची जर्मन ओळ तिच्या कडेने कोरलेली आहे. ती जिथे टांगलेली होती तो युद्धानंतर मोडकळीला आलेला मनोरा १९४७ मध्ये सुरुंगाने पाडला तेव्हा घंटेला तडा गेला. नंतर ती पुरून ठेवली होती, १९५६ मध्ये उकरून काढली. तिच्यावरचं नाझी चिन्ह बुजवलेलं आहे, पण त्याचा आकार ओळखू येतो. मुलांना तिच्याभोवती एक फेरी मारू द्यावी आणि बोलावणारा, बोलावल्याचं कारण आणि ते चिन्ह बुजवणारा असे तीन धागे त्यांनाच सोडवू द्यावेत.

त्याच परिसरात आर्नो ब्रेकरचा ‘दशस्पर्धक’ हा पुतळा आहे. तेव्हा ऑलिंपिकमध्ये कलेच्याही स्पर्धा असत आणि या पुतळ्याला रौप्यपदक मिळालं होतं. पुढे ब्रेकर नाझी राजवटीचा लाडका शिल्पकार झाला. इथे वऱ्हाडी विद्यार्थ्याकडे असं काही आहे जे कलेच्या पुस्तकी अभ्यासकाकडेही नसतं. ज्याने एरंडेल लावलेल्या खांबावर अढी घातली आहे, वेल चढला आहे, फरारे धरले आहेत, त्याला शरीर आतून ठाऊक असतं. कुठली पकड मांडीने धरतात, कुठल्या क्षणी पोटावर ताण येतो, कुठे हात मोकळा सुटतो, हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. ब्रेकरच्या त्या माणसाकडे तो पाहील तेव्हा त्याला विचारावं: हा काय करतोय? उत्तर असं की तो काहीच करत नाही. स्नायू पिळदार आहेत, पण त्यांना काम नाही. हे शरीर खेळत नाही, ते नमुना म्हणून उभं केलेलं आहे, आणि नमुना ठरला की त्याच्याशी न जुळणारी माणसं वगळायची पाळी येते. मल्लखांबावरचं शरीर क्षणोक्षणी बदलतं आणि खांबाशी बोलत राहतं. हा फरक आपल्या आखाड्यातलं पोर चटकन पकडेल, त्याला कलासमीक्षेची परिभाषा यायची गरज नाही. ‘व्यायामाच्या किंवा इंजिनिअरिंगच्या मुलांना कला काय कळणार’ या आक्षेपाला माझ्या मते हेच उत्तर आहे.

दुपारी एकच रस्ता पाहावा. त्याचं आजचं नाव नीडरकिर्खनरश्ट्रासे, १९३६ मध्ये प्रिन्झ-आल्ब्रेख्ट-श्ट्रासे. तेव्हा रस्त्याच्या कोपऱ्यावर मानववंश संग्रहालय होतं आणि त्यात मध्य आशियातल्या किझिल लेण्यांची बौद्ध भित्तिचित्रं होती. जवळच ८ क्रमांकाच्या इमारतीत गेस्टापोचं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचं, मुख्यालय होतं. जातककथांची चित्रं आणि चौकशीच्या कोठड्या यांच्यात मिनिटा-दोन मिनिटांचं अंतर. आज मुख्यालयाच्या जागी त्या राजवटीची कागदपत्रं आणि छायाचित्रं मांडलेलं दस्तऐवज केंद्र आहे, प्रवेश विनामूल्य आहे आणि अंगणाच्या कडेला बर्लिनच्या भिंतीचा एक लांब तुकडा उभा आहे. ज्या शहराने तेव्हा झाकलं त्याच शहराने आता उघडून ठेवलं आहे, आणि या बदलाबद्दल मला जर्मनांविषयी मनापासून आदर वाटतो.

तिथून उंटर डेन लिंडनवरच्या नोये वाखे या स्मारकात जावं. आत एकच शिल्प आहे. शिल्पकार केटे कोलविट्झ यांनी घडवलेली आई, मांडीवर मेलेला मुलगा घेतलेली. कोलविट्झ यांचा धाकटा मुलगा पेटर १९१४ मध्ये महायुद्धात मारला गेला. मूळ लहान शिल्प त्यांनी १९३७-३८ मध्ये केलं, म्हणजे नाझींनी त्यांना कला अकादमीतून बाहेर काढल्यानंतर. स्मारकातली मोठी प्रत १९९३ ची आहे. छताला वर्तुळाकार उघडं भोक आहे, त्यातून पाऊस आणि बर्फ थेट तिच्या अंगावर पडतो. सकाळचा दशस्पर्धक आणि दुपारची ही आई एकाच दशकातली आहेत. पहिल्याला पदक मिळालं, दुसरी घडवणाऱ्या बाईंना प्रदर्शनांतून वगळलं गेलं. दोन्ही एका दिवसात पाहिल्याने जे उमगतं ते दहा ठिकाणं धावत पाहून उमगणार नाही.

शेवटचं ठिकाण इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. हुंबोल्ट फोरममधल्या आशियाई कला संग्रहालयात युद्धातून वाचलेली किझिलची चित्रं आहेत. भिंतीत पक्की बसवलेली मोठी चित्रं बाँबहल्ल्यांत गेली. जी उरली त्यांवर करवतीच्या सरळ रेषा दिसतात, कारण १९०२ ते १९१४ दरम्यानच्या जर्मन मोहिमांनी ती गुहेच्या भिंतीपासून तुकड्या-तुकड्यांनी कापून पेट्यांत भरून आणली. ‘अजिंठा हाताशी असताना बर्लिनला जायचंच कशाला’ असं विचारणाऱ्यांचा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. अजिंठा आधी पाहायलाच हवा. अकोल्याहून एका दिवसात जाऊन येता येतं. तिथे चित्र अजून आपल्या खडकावर, आपल्या अंधारात आहे. ते डोळ्यांत असेल तरच किझिलच्या चित्रावरची करवतीची रेष खुपते, नाहीतर ती काचेमागची नुसती एक जुनी वस्तू राहते.

राहिला पैशाचा मुद्दा. लाखांनी खर्च करून गेल्यावर पुन्हा कोण जाणार, म्हणून सगळं बघून घ्यावं, असं पालकांना वाटतं आणि ते समजण्यासारखं आहे. पण दहा ठिकाणांच्या दिवसात निम्मा वेळ बसमध्ये आणि रांगेत जातो. शिवाय यादीतलं सगळ्यात गाजलेलं पेर्गामोन संग्रहालय ऑक्टोबर २०२३ पासून पूर्ण बंद आहे आणि त्याचा प्राचीन वेदीचा भाग २०२७ मध्ये उघडायचं ठरलं आहे, म्हणजे छापील यादीवर विसंबून राहण्यात तसाही अर्थ नाही. सहल ठरवणाऱ्या प्राध्यापकांनी टूरवाल्याकडून आयता कार्यक्रम न घेता स्वतः चार जागा द्याव्यात. मौजेला जागा नको असं मी म्हणत नाही, संध्याकाळ मुलांची असावी.

आणि सराव घरी करता येतो. अकोट तालुक्यात नरनाळा किल्ल्याचा महाकाली दरवाजा १४८७ मध्ये फतहुल्ला इमाद-उल-मुल्कने बांधला. नाजूक नक्षी, कोरलेली कमळं, बहमनी सुलतानांची वंशावळ सांगणारा शिलालेख, असा तो दिमाखदार दरवाजा आहे. शिलालेखात धन्याचं नाव इतक्या आदराने कोरणारा हा सुभेदार अवघ्या तीन वर्षांत, १४९० मध्ये, स्वतंत्र झाला आणि वऱ्हाडची इमादशाही उभी राहिली. दरवाजा कोणाला काय दाखवण्यासाठी बांधला असेल, यावर किल्ल्याच्या पायथ्याच्या शहानूर गावाच्या वाटेवर मुलांना तासभर भांडू द्यावं. बर्लिनचं विमान त्यानंतर पकडावं.