स्कर्टिंगचं काम घेताय? आधी भिंत तपासा, मग रेट सांगा

रिनोव्हेशनच्या कामात सगळ्यांचं लक्ष फरशीकडे, किचनकडे आणि रंगाकडे असतं. भिंतीच्या तळाशी असलेली चार इंचाची पट्टी, म्हणजे स्कर्टिंग, कोणी बघत नाही. आपले मिस्त्री तिला 'स्कटिंग' म्हणतात. मोठे ठेकेदार हे काम टाळतात, आणि म्हणूनच नवीन माणसाला इथे संधी आहे. पण घाई केली तर याच पट्टीत पैसे जातात. माझे गेलेत.

जळगावात दुकान सुरू केलं त्या काळात धुळ्याला, देवपूर भागात, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांचं काम मिळालं. काकूंना लाकडासारखी पट्टी हवी होती. मी एमडीएफची बसवली. दिसायला एक नंबर! पण पावसाळ्यात पट्टी खालून फुगली आणि वरचा कागद सुटला. काकू शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही भिंतीला हात तरी लावून बघितला होता का?" नव्हता लावला. ती पट्टी काढून टाइलची बसवून दिली, सगळा खर्च माझ्या खिशातून. नफा तर गेलाच, पण शिकायला मिळालं.

आधी कारण शोधा

स्कर्टिंग सुटण्याची आपल्याकडे मुख्य कारणं तीन.

पहिलं, काळी माती. तापीच्या खोऱ्यातली ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यात जोत्यातला भराव नीट दाबलेला नसेल तर फरशी खाली बसते. भिंतीला चिकटलेली पट्टी मात्र वरच राहते. मग मधे फट दिसते आणि तिथून मुंग्या निघतात.

दुसरं, ओल. जमिनीतलं पाणी भिंतीत वर चढतं, रंगाचे पापुद्रे निघतात, पांढरा क्षार दिसतो. तपासायचं कसं? फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवा आणि २४ तास ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीतून येतेय. आधी तिचा बंदोबस्त, मगच स्कर्टिंग.

तिसरं, अर्धवट मसाला. नाण्याने टकटक करा. पोकळ आवाज आला तर मागे माल भरलेलाच नाही.

दुरुस्ती की बदल?

दोन-चार तुकडेच सुटले असतील तर सगळं तोडू नका. वरच्या सांध्यावर कटर फिरवा म्हणजे रंग उचकटणार नाही. तुकडा दाराच्या बाजूने हळू सोडवा, मागचा जुना मसाला खरवडा आणि टाइल ॲडेसिव्हने परत बसवा. खालची फट दर वर्षी उघडत असेल तर सिमेंट भरून उपयोग नाही, ते पुन्हा तडकतं. तिथे लवचीक सीलंट वापरा.

अर्ध्याहून जास्त पट्टी पोकळ वाजली तर बदलाच. तळमजल्यावर आणि रोज ओल्या पोछ्याने पुसतात त्या घरात टाइल, दगड किंवा पीव्हीसी. एमडीएफ फक्त कोरड्या, वरच्या मजल्यावर. क्रम लक्षात ठेवा: आधी फरशी, मग स्कर्टिंग, शेवटचा रंगाचा हात सगळ्यात शेवटी.

आता हिशोब

स्कर्टिंग चौरस फुटात नाही, रनिंग फुटात मोजतात. १० बाय १२ ची खोली घ्या. चारही भिंती मिळून ४४ फूट. दाराचे ३ वजा, राहिले ४१. तुटफूट १० टक्के धरा, म्हणजे साधारण ४५ फूट.

आपण जिला २ बाय २ म्हणतो ती टाइल प्रत्यक्षात ६०० मिमीची असते. पूर्ण ४ इंची पट्ट्या ५ च निघतात, कारण ब्लेडही थोडं खातं. म्हणजे एका टाइलमधून जवळपास १० फूट, आणि खोलीला ५ टाइल. गिऱ्हाईक ९५ मिमीच्या पट्टीला तयार असेल तर ६ निघतात. हा प्रश्न कापण्याआधी विचारा!

रेटमध्ये पाच गोष्टी धरा: माल, मजुरी, गाडीभाडं, राडारोडा उचलणं आणि तुमचा नफा. जुनी पट्टी काढण्याचा रेट वेगळा लिहा. बहुतेक जण तोच विसरतात. आणि कोटेशनवर एक ओळ हवीच: "ओल आढळल्यास तिचं काम वेगळं."

गवंडी किंवा सुतारकाम करत असाल तर पीएम विश्वकर्मा योजना बघा. २०२३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत, ही दोन्ही कामं त्यात येतात आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.

या रविवारचा गृहपाठ: स्वतःच्या घरातली एक खोली मोजा, नाणं वाजवा आणि कोटेशन लिहून काढा. पहिली चूक घरच्या कागदावर झाली तर फुकटात सुटाल. गिऱ्हाइकाच्या भिंतीवर झाली तर माझ्यासारखं होईल.