रेस उतरत नाही

सकाळी ६

ॲरिझोनाच्या पश्चिम कडेला क्वार्टझसाइट नावाचं गाव आहे. उन्हाळ्यात तिथे भर दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही. जानेवारीत मात्र गावाभोवतीचं वाळवंट चाकांवरच्या घरांनी भरून जातं. उत्तरेकडची निवृत्त मंडळी बर्फ चुकवायला खाली उतरतात आणि सरकारी जमिनीवर मुक्काम ठोकतात, तो थेट एप्रिलपर्यंत. मी इथला फिरता मेकॅनिक. ट्रेलर, जनरेटर, पाण्याचे पंप, समोर येईल ते करतो. पण जुन्या डिझेल बसचा फोन आला की बाकीची कामं आपोआप मागे सरतात. दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये अप्रेंटिस असताना बसवर हात बसला, तो बसलाच.

काल रात्री फोन आला होता. “चढ चढून आलो, पाय काढला, तरी इंजिन ओरडतंच आहे.” म्हणजे आपल्या भाषेत, रेस उतरत नाही. चहा घेतला, व्हॅनमध्ये ओंडके टाकले आणि निघालो. गारठा चांगलाच होता.

सकाळी ७

जनरल मोटर्सची पीडी-४१०६. या मॉडेलच्या गाड्या १९६१ ते १९६५ या काळात बनल्या. नावातला ४१ हा आसनांचा आकडा. पस्तीस फुटांची, ॲल्युमिनियमच्या अंगाची, मागे आडवं बसवलेलं आठ सिलिंडरचं डेट्रॉइट डिझेल. हिने आधी लांब पल्ल्याची प्रवासी वाहतूक केली, मग कुणीतरी आसनं उपटून आत घर उभं केलं. गाडीच्या मालक आजोबांनी मला आधी स्वयंपाकघर दाखवलं: ओकची कपाटं, तीन बर्नरची शेगडी, आजीबाईंनी शिवलेले पडदे. अशा गाड्यांचे मालक नेहमी घर दाखवतात. माझं लक्ष ड्रायव्हरच्या पायाशी होतं. ॲक्सिलरेटरच्या पेडलला नायलॉनची दोरी बांधलेली होती.

“अडकलं की वर ओढतो,” आजोबा म्हणाले.

उपाय चालणारा होता, हे कबूल करायला हवं. या गाडीत आधीच्या कुणा मालकाने पुश-पुल केबल घातली आहे. ती ओढते तशी ढकलतेही, त्यामुळे पेडल वर ओढलं की मागचा लिव्हर परत येतो. पण घाटात एक हात स्टिअरिंगवर, एक गिअरवर, मग दोरीला तिसरा हात आणायचा कुठून?

खाली शिरण्याआधी ओंडके. या बसला पाटे नाहीत, ती हवेच्या फुग्यांवर उभी असते. एखादा पाइप सुटला, एखादा व्हॉल्व्ह बिघडला की गाडी क्षणात खाली बसते आणि खाली कुणी असेल तर वाचत नाही. अशा गाड्यांखाली माणसं गेली आहेत. जॅक हा उचलण्यासाठी असतो, त्याच्या भरवशावर खाली झोपायचं नसतं. गाडीखाली ओंडके आणि घोड्या लागेपर्यंत मी कुणालाही, स्वतः मालकालाही, खाली डोकवू देत नाही. यात पाऊण तास गेला. आजोबा अस्वस्थ झाले, त्याला इलाज नाही.

सकाळी ८

आजीबाईंना पेडलशी बसवलं आणि मी मागे गेलो. या इंजिनात दोन रांगांच्या मधल्या खोबणीत ब्लोअर असतो आणि त्याच्या टोकाला गव्हर्नर. केबल येऊन गव्हर्नरच्या लिव्हरला मिळते. “दाबा. सोडा. दाबा.” लिव्हर खट्कन जातो, खट्कन येतो. बंद इंजिन, थंड इंजिन, अगदी निर्दोष काम.

आजोबा ओशाळले. “काल खरंच अडकत होतं.”

मेकॅनिक आला की दुखणं पळतं, हे सगळीकडेच. पण थंड असताना नीट आणि तापल्यावर अडकतं, हीच मुळात मोठी खूण. गंज, धूळ, कोरडा पडलेला पेडलचा खिळा, ही दुखणी गारठ्यात कमी होत नाहीत, उलट वाढतात. म्हणून आत्ता काहीही खोलण्यात अर्थ नव्हता. खोललं असतं तर सगळं ठीक आहे असंच दिसलं असतं, आणि मी पेडलला दोन थेंब ऑइल मारून पैसे घेऊन गेलो असतो.

ओंडके काढले. आजोबांनी कपाळाला हात लावला नाही, एवढाच त्यांचा मोठेपणा.

सकाळी साडेनऊ

आय-१० महामार्गाने पश्चिमेला निघालो. गावातून बाहेर पडलं की डोम रॉक डोंगराचा चढ लागतो. निघताना बजावलं: अडकलं तर क्लच दाबा, न्यूट्रल करा, कडेला घ्या, मग साधं स्टॉपचं बटण. आणीबाणीच्या बटणाला हात लावायचा नाही.

ते बटण ब्लोअरच्या तोंडावरची झडप बंद करतं. या इंजिनाला सिलिंडर-हेडमध्ये हवा घेणारे व्हॉल्व्ह नाहीत. ब्लोअर हवा ढकलतो, ती सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांतून आत शिरते आणि धूर वरच्या व्हॉल्व्हांतून बाहेर. टू-स्ट्रोक, म्हणजे दट्ट्या दर वेळी खाली येताना स्फोट होऊनच येतो. म्हणून दोन हजार फेऱ्यांवर हे इंजिन चार हजारांवर असल्यासारखं किंचाळतं. हवा तोडली की ते मरतं, हे खरं. पण जोरात फिरत असताना तोडली तर ब्लोअर रिकामी ओढ घेतो आणि त्याची सीलं जाऊ शकतात. डिझेलने ऐकणं सोडलं, इंजेक्टरचं इंधन ठरवणारा रॅक अडकला किंवा इंजिन स्वतःचंच ऑइल जाळू लागलं, तर त्या बटणाला पर्याय नाही. नुसती केबल अडकली तर गव्हर्नर जागा असतो. तो फेऱ्यांना ठरलेल्या हद्दीपलीकडे जाऊ देत नाही. आवाजाने जीव घाबरतो, इंजिनाला धोका नसतो.

चढाच्या माथ्यावर आजोबांनी पाय काढला. इंजिन तसंच. क्लच दाबला तेव्हा ते असं ओरडलं की आजीबाईंनी मागून हाक मारली. आजोबांचा हात सवयीने दोरीकडे गेला, मी तो धरला. कडेला घेऊन बटणाने बंद केलं आणि दोरी सोडून खिशात घातली.

पेडल हाताने वर घेऊन इंजिन पुन्हा सुरू केलं. उतारावर गाडी व्यवस्थित आली. गिअर खाली घेऊन, पाय पेडलपासून दूर ठेवून.

सकाळी ११

आता घाई होती, गाडी गरम आहे तोवरची. पुन्हा ओंडके, या वेळी आजोबांनी स्वतः लावले. मागे जाऊन लिव्हरची स्प्लिट पिन काढली, केबल सुटी केली आणि लिव्हर बोटाने ढकलून सोडला. तो स्प्रिंगच्या जोराने लगेच जागेवर आला. मला सर्वांत जास्त काळजी याचीच होती. लिव्हर जड असता तर प्रश्न आत असता, गव्हर्नरमध्ये किंवा इंजेक्टरच्या रॅकमध्ये, आणि मग हे इंजिन सुरूच करू दिलं नसतं.

पुढे पेडल सुटं केलं. तेही हलकं. उरली केबल. पुढच्या टोकाला धरून ढकलली: जेमतेम हलते आणि मध्येच दगड लागल्यासारखी थांबते.

एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकेक जोड सुटा करत जाणं, एवढंच या कामाचं तंत्र. स्प्रिंग आणखी कडक लावणं हा इथला लोकप्रिय उपाय आहे आणि तो वाईट आहे. स्प्रिंग दुखणं झाकते आणि चालवणाऱ्याचं पाऊल दुखवते.

दुपारी १२

आजीबाईंचं बीन्सचं सूप आणि मक्याची भाकरी म्हणावी असा ब्रेड. केबल गार होऊ नये म्हणून भराभर.

दुपारी साडेबारा

आता घर आडवं आलं. इंजिनाच्या वर पलंग, पलंगाखाली कपाट, कपाटामागे प्लायवुड, त्यामागे लोखंडी आडभिंत. केबल तिच्यातून इंजिनच्या खोलीत शिरते. गाद्या, लोकरी पांघरुणं, बुद्धिबळाचा डबा आणि कुणाच्या तरी नातवंडांचे फोटो बाहेर वाळूवर मांडले. बसचं घर करणाऱ्याने सुतारकाम सुरेख केलं होतं, सांधा न् सांधा घट्ट. पण सुताराला पाण्याची टाकी जिथे हवी होती तिथे केबल मध्ये येत होती. त्याने ती बाजूला ओढली, होजक्लॅम्पने आवळली आणि टाकी बसवली. त्या क्लॅम्पखाली केबलचं आवरण चेपलं होतं. मागचा जादा भाग कोपऱ्यात वळवून एक्झॉस्टच्या नळाला जवळजवळ टेकवून सोडला होता.

क्लॅम्प सैल केला, पुढून आजोबांना ढकलायला सांगितलं. “अर्धं हलकं झालं!” उरलेलं अर्धं त्या काळ्या पडलेल्या वळणात. पुश-पुल केबलमध्ये तारेभोवती प्लास्टिकचं अस्तर असतं आणि त्याला बाहेरून ऑइल द्यायचं नसतं. तापून ते मऊ होतं, तारेला धरतं, गार झालं की सोडतं. इथे ऑइल मारून काही होत नाही. पातळ ऑइल धूळ ओढतं आणि या वाळवंटात धुळीला तोटा नाही.

दुपारी २

नवी केबल कुठून आणायची, हा प्रश्न आजोबांनीच सोडवला. डिकीतून त्यांनी एक वेटोळं काढलं, बोटींचं सामान विकणाऱ्या दुकानातून आणलेलं, वेष्टणही न फोडलेलं. बदलायची म्हणून घेतली, मग पलंग काढायच्या भीतीने ठेवून दिली.

दोघांनी मिळून ती पोटाखालून नेली. अशा केबलचं वळण आठ इंची त्रिज्येपेक्षा लहान करायचं नाही आणि वळणं मोजकीच ठेवायची, कारण प्रत्येक वळणाचं घर्षण पुढच्याच्या डोक्यावर बसतं. म्हणून मी जुनी वाट सोडली. टाकीला वळसा घालून सरळ, एक्झॉस्टपासून वीतभर लांब, मध्ये पत्र्याची ढाल. मधल्या पकडी रबर लावून सैलसर, दोन्ही टोकांचं आवरण मात्र पक्कं. टोक हललं तर आतली तार सरकायच्या ऐवजी आवरणच पुढेमागे होतं आणि पेडलची चाल वाया जाते.

दुपारी साडेचार

जुळवणीत घाई केली नाही. पेडल पूर्ण दाबलं तेव्हा लिव्हर पूर्ण इंधनाच्या खुणेला पोचला पाहिजे आणि त्याच क्षणी पेडलखालचा स्टॉपचा स्क्रू टेकला पाहिजे. ड्रायव्हरच्या पायाचा सगळा भार त्या स्क्रूने घ्यायचा, गव्हर्नरच्या नाजूक दांड्याने नाही. पाय काढला की आयडल. लॉकनट आवळले, नवी स्प्लिट पिन फाकवली. जुनी पिन सरळ करून परत घालू नये, हे दापोडीत कानफटीत बसून शिकलेलं.

संध्याकाळी ५

तोच डोंगर. माथ्यावर आजोबांनी पाय काढला आणि इंजिन तत्काळ उतरलं. खात्री पटेना म्हणून त्यांनी पुन्हा दाबून सोडलं, मग परत एकदा, मागून आजीबाई ओरडेपर्यंत.

संध्याकाळी ६

दिवस मावळताना गाद्या आत गेल्या. आजोबा जुनी केबल नीट गुंडाळून डिकीत ठेवायला निघाले होते. “असू दे, कधी कामाला येईल.” मी ती हातातून घेतली आणि कटरने तिचे तुकडे करून कचऱ्याच्या पिंपात टाकले. ते खट्टू झाले. काळा पडलेला दीड फूट मात्र मी व्हॅनमध्ये ठेवला आहे. पुढच्या वेळी कुणी “जरा ऑइल मारून बघा ना” म्हणालं की दाखवायला.