मोबाइलमधले फोटो आणि घरची बयाज

मोबाइलमध्ये हजारो फोटो असतात, पण दादीच्या निकाहच्या फोटोत डावीकडे उभा असलेला माणूस कोण, हे सांगू शकेल असे घरात एखादेच माणूस उरलेले असते. तेही बहुधा ऐंशीच्या घरातले. डिजिटल स्क्रॅपबुकचा छंद लावून घ्यायचा असेल तर सुरुवात त्या माणसाजवळ बसून करावी. चौकटी, फुले, रंगीत अक्षरे नंतर.

स्क्रॅपबुक म्हणजे चिकटवही. फोटो, जुने पत्र, दावतनामा, रेल्वेचे तिकीट एका पानावर लावायचे आणि शेजारी चार ओळी लिहायच्या. हेच काम कात्री-डिंकाऐवजी मोबाइलवर केले की ते डिजिटल झाले. ही गोष्ट आपल्याला नवी नाही. मोगल दरबारात ‘मुरक्का’ तयार होत. खुशखत लेखनाचे नमुने आणि चित्रे ठिकठिकाणांहून जमवून पानावर जोडायची आणि भोवती वेलबुट्टीचा हाशिया काढायचा. मुरक्का या शब्दाचा अर्थच मुळी ठिगळे जोडलेले! जहांगीरच्या मुरक्का-ए-गुलशनचा मोठा भाग आज तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्याच्या ग्रंथालयात आहे. दारा शुकोहने बेगम नादिरा बानूला भेट दिलेला मुरक्का लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. साध्या घरांतही आवडते शेर आणि घरगुती नुस्खे उतरवून ठेवायची बयाज असायची. आपल्याला तीच पुढे चालवायची आहे.

यासाठी संगणक घ्यायची गरज नाही. सेलूसारख्या तालुक्याच्या गावी बसून साध्या स्मार्टफोनवर कॅनव्हासारखे मोफत ॲप पुरते. जुन्या फोटोचा फोटो घेताना तो काचेच्या चौकटीतून बाहेर काढा, खिडकीजवळ उजेडात सपाट ठेवा, फ्लॅश बंद करा आणि मोबाइल अगदी समांतर धरा. चमक येतच असेल तर गुगलचे फोटोस्कॅन वापरा. ते चार-पाच बाजूंनी टिपून चमक काढून टाकते. फोटोची पाठही टिपायला विसरू नका. स्टुडिओचा शिक्का किंवा पेन्सिलीने लिहिलेली तारीख तिथेच सापडते.

नातेवाइकांकडून फोटो मागवताना व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकसतो, आणि तो कधी व कुठे काढला याची आत दडलेली नोंदही गळून जाते. पुढे पान छापून घ्यायचे असेल तर ए-४ आकारासाठी २४८० बाय ३५०८ पिक्सेल हे माप धरा. म्हणजे इंचाला ३०० ठिपके पडतात.

ज्या फोटोवर तारीख नाही त्याचे काय? इथे आपल्याकडे एक चावी आहे, हिजरी सन. ते साधारण अकरा दिवसांनी लहान असल्याने ईद सगळ्या ऋतूंतून फिरते आणि सुमारे ३३ वर्षांनी जागेवर येते. ईदगाहवरचे लोक स्वेटर-मफलरमध्ये असतील आणि ईद रमजानची असेल, तर फोटो १९६६ ते १९६९च्या सुमाराचा किंवा १९९९ ते २००२च्या सुमाराचा असणार. कपडे आणि कागद पाहिले की दोन्हीतला कोणता ते कळते. वैशाखाच्या उन्हातली रमजान ईद १९८७ ते १९८९ला होती, नंतर २०१९ ते २०२२ला. त्यातली २५ मे २०२०ची ईद तर वेगळे पान मागते. टाळेबंदीत घराघरात नमाज झाली, गळाभेट नाही, शीरखुर्मा घरच्यांपुरता. त्या दिवशी जो दहा वर्षांचा होता त्याच्याकडून आताच लिहून घ्या.

गावाचे नाव पूर्ण लिहा. नुसते ‘सेलू’ लिहिले तर उद्याची पिढी परभणी जिल्ह्यातले सेलू समजेल. ‘सेलू, जि. वर्धा’ लिहिले, किंवा ‘बोर धरण’, ‘सेलू रोड स्टेशन’ अशी खूण दिली, की घोटाळा उरत नाही. मजकूर फार सजवू नये. दादी ज्या बोलीत सांगते त्याच बोलीत तो उतरवावा. बोललेले टाइप करण्याची सोय मराठीत आहेच, तरी तिचा आवाजही रेकॉर्ड करून ठेवलेला बरा. मराठीसाठी ‘मुक्ता’ आणि उर्दूसाठी ‘नोटो नस्तालीक उर्दू’ हे फाँट मोफत मिळतात, त्यामुळे निकाहनाम्याशेजारी दोन्ही लिप्या नीट बसतात.

काही घरांत फोटो ठेवणे पसंत नसते. अशा घरातल्या मुलीला हा छंद बंद आहे, असे मुळीच नाही. मला तर बिनचेहऱ्याची पानेच जास्त बोलकी वाटतात. नानाच्या हातचे पोस्टकार्ड, कशिदा काढलेला रुमाल, हजच्या वेळची तसबीह, फुफीच्या अक्षरातली खिचड्याची कृती, जुन्या घराची कडी असलेला दरवाजा. यात कोणाचाच हरकतीचा मुद्दा येत नाही आणि घर ओळखू येते.

चेहरे असतील तर एक पथ्य पाळावे. ज्यांचा फोटो आहे त्यांना विचारल्याशिवाय पान स्टेटसला टाकू नये. घरातल्या बायकांच्या फोटोंबाबत तर आधीच ठरवून घ्यावे की ही वही फक्त घरच्यांची. आधार कार्ड, जमिनीचा कागद असल्या गोष्टी पानात घालू नयेत.

मोबाइल हरवतो, पाण्यात पडतो. गुगलच्या खात्यात १५ जीबी जागा मोफत मिळते, पण ईमेलही त्यातच मोजले जाते, त्यामुळे ती भरते. म्हणून तयार पाने पेनड्राइव्हवर घ्या आणि एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा, नागपूरला दिलेल्या मुलीकडे वगैरे. फाइलला नाव देताना आधी वर्ष, मग प्रसंग, मग गाव: ‘१९६७ रमजान ईद सेलू वर्धा’. पहिले पान एकाच फोटोचे करा. दादीला मगरिबनंतर निवांत वेळ असतो, तेव्हा तो तिच्या हातात द्या आणि डावीकडून एकेक नाव विचारा.